निम्मं वजन

एकवीस किलो सहाशे ग्रॅम.
दुकानदार हा आकडा कौतुकाने सांगतो,
मी तो पायऱ्यांत ऐकते.
वाल्पाराइसोत, कोर्दियेरा टेकडीवर माझं घर,
एकशे त्रेसष्ट पायऱ्या.
रुळांवरून तिरकी चढणारी ती लाकडी लिफ्ट
रात्री दहाला झोपते.
लग्नं दहाला सुरू होतात.

जुना माझा जडच होता. बारा वर्षं.
सात पट्ट्या मेल्या त्याच्या,
त्यांतल्या दोन अशा, की त्यांच्यावाचून बोलेरो होत नाही.

"बसा ना, इर्माबाई," डॉन एलेउतेरियो स्टूल सरकवतो.
मी उभीच.
कुंबिया कुणी बसून वाजवतं का?

पहिला: अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, प्रत्येकीच्या पोटात हातोडी.
दाबली की आधी जरा नाही म्हणते,
मग देते.
खर्जात आढेवेढे जास्त, वर जाता जाता कमी.
शाळेतला पियानो असाच होता,
आणि मनगटाखाली टोक वर करून धरलेली
सिस्टर गुमेर्सिंदाची पेन्सिल.
बोलेरोचा पहिला स्वर मी त्याच्यावर ठेवला.
गिटारच्या तारा निवडणारं एक पोरगं
निवडायचं थांबलं.

दुसरा: शहात्तर पट्ट्या, साडेसात किलो.
आत स्प्रिंग. वजन म्हणाल तर नावाला.
बोट टेकायच्या आधीच हो म्हणतो.
अशा माणसांवर माझा विश्वास चटकन बसत नाही.
पण अंगठा आडवा करून वरून खाली आले –
सर्रकन्,
पुठ्ठ्यावर बसून उतारावरून पोरं येतात तशी.
जडवर हेच करताना साल निघते.
मार्चमधल्या एका लग्नात पांढऱ्या पट्टीवर रक्त,
आणि नवऱ्याची आई म्हणाली,
"अगं, सॉस सांडला वाटतं."

बासवाला निबाल्दो म्हणतो, हलका घे.
त्याची कंबर बोलते.
ट्रम्पेटवाला ओसिएल म्हणतो, जडच घे.
त्याचं वाद्य सव्वा किलोचं.

बाप माझा बंदरावर हमाल.
साखरेची पोती, सफरचंदाच्या पेट्या.
म्हणायचा, ओझं उचलताना नाही कळत,
ठेवताना कळतं.
दुकानात मी कितीतरी वेळ
एकच स्वर ठेवत राहिले.
या पेटीवर. त्या पेटीवर.
डॉन एलेउतेरियोने दोनदा घड्याळ पाहिलं.

दोन्ही घ्यायला पैसे कुणाकडे आहेत?
हलका घेतला.

शनिवारी, किल्पुएच्या लग्नात,
कुंबिया अशी उडाली की निबाल्दो मागे पडला.
मग रात्री दोनला नवरीचे आजोबा आले,
छडी टेकत, म्हणाले, काहीतरी संथ.

पहिलाच स्वर ओरडला.
माझं बोट अजून हातोडी शोधत होतं:
भिंत आहे समजून टेकावं
आणि दार उघडं निघावं, तसं.
आजोबा दचकले.
मी हात आवरला.
पट्टीत नव्हतं ते वजन
खांद्यातून खाली आणलं, थोडं थोडं,
महिनाअखेरचे पैसे मोजतात तसं.
आजोबा नाचले. त्यांना फरक कळला नाही.
ओसिएलला कळला.
त्याच्या वाटची ओळ आली
तेव्हा त्याने ट्रम्पेट खालीच धरलं,
आणि ती मला सोडून दिली.

पहाटे चारला पायऱ्या.
पाठीवर पेटी, विंचवाचं बिऱ्हाड,
पण एवढंसं, की मी दोनदा हात मागे नेऊन चाचपलं.
भुरं कुत्रं नेहमीच्या कोपऱ्यावर भेटलं,
पुढे पुढे चढू लागलं.
सत्त्याण्णवाव्या पायरीशी, जिथे बारा वर्षं
मी ओझं उतरवून दम घेत आले,
तिथे ते आपणहून बसलं
आणि माझ्याकडे बघत राहिलं.

खाली क्रेनचे दिवे. एक जहाज लागत होतं.
मी दमले नव्हते.

बसले.